लाघव आणि असंदेह : तांत्रिक पुस्तिकांतील सामाईक मजकुराचा प्रश्न

ग्रंथाला दोन प्रकारचे वाचक असतात. आरंभापासून अखेरपर्यंत क्रमाने वाचत जाणारा हा पहिला. आणि अडचण पडली म्हणजे मध्येच कोठेतरी ग्रंथ उघडून, हवे तेवढे घेऊन तो मिटून ठेवणारा हा दुसरा. मराठीच्या अभ्यासकांनी पहिल्या वाचकाचा विचार पुष्कळ केला आहे. कादंबरीचे निवेदन, काव्याची संहिता, आस्वादाची प्रक्रिया या साऱ्या चर्चेत तोच गृहीत धरलेला असतो. दुसऱ्या वाचकाकडे मात्र कोशकारांखेरीज फारसे कोणी लक्ष दिलेले नाही. वस्तुतः सामान्य मराठी माणसाच्या हाती पडणारा कितीतरी मजकूर या दुसऱ्या प्रकारच्या वाचनासाठीच छापलेला असतो. पाण्याच्या पंपाबरोबर येणारी पुस्तिका, कीटकनाशकाच्या डब्याबरोबर येणारे घडीपत्रक, शिलाईयंत्राची माहितीपुस्तिका, कृषी विद्यापीठांची पीकवार मार्गदर्शके हे सर्व, ‘वाङ्मय’ या शब्दाचा मूळ व्यापक अर्थ घेतला तर, मराठी वाङ्मयच होय. त्याची रचना कशी असावी हा प्रश्न मराठी विभागांचा आहे की नाही, याविषयी मतभेद संभवतात. तो आहे, आणि तो केवळ परिभाषेचा नसून रचनेचा व व्याकरणाचा आहे, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

प्रश्नाचे स्वरूप

समजा, एखादा उत्पादक पाच प्रकारचे पंप तयार करतो. पाचांच्या पाच पुस्तिका. त्यांतील बराच मजकूर समान असणार : वीजजोडणीपूर्वी घ्यावयाची काळजी, गाळणी स्वच्छ करण्याची रीत, दुरुस्तीपूर्वी प्रवाह खंडित करण्याची सूचना. थोडा मजकूर मात्र प्रत्येकाचा वेगळा. अशा वेळी लेखकापुढे परंपरेने दोनच वाटा असतात. समान मजकूर पाचही ठिकाणी उतरवून काढणे ही पहिली. तो एकदाच लिहून इतरत्र ‘अमुक ठिकाणी पहा’ असा निर्देश करणे ही दुसरी.

पहिल्या वाटेचा दोष पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना वेगळा सांगण्याची गरज नाही. जेथे नकला, तेथे पाठभेद. गाळणी स्वच्छ करण्याची रीत उद्या बदलली, तर ती तीन पुस्तिकांत दुरुस्त होते आणि दोनांत जुनीच राहते. काही काळाने मूळ पाठ कोणता आणि सुधारलेला कोणता हे खुद्द उत्पादकालाही सांगता येत नाही. एकनाथांना शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध करावी लागली ती नकलांच्या अशाच परंपरेमुळे. फरक इतकाच की, ओवीतील पाठभेद अर्थाचा प्रश्न निर्माण करतो, तर औषधाच्या मात्रेतील पाठभेद जिवाचा.

दुसऱ्या वाटेचा दोष तितकासा उघड नाही, म्हणूनच तो अधिक विचार करावयास लावतो. निर्देश केला की लेखकाचे काम संपते आणि वाचकाचे वाढते. एका हातात पाना धरून उभ्या असलेल्या माणसाला ‘विभाग ४ पहा’ असे सांगितले जाते. विभाग ४ मध्ये ‘विभाग २ मधील कृती क्रमांक ३ प्रमाणे’ असे लिहिलेले असते. शासकीय व्यवहारात ज्यांना वावरावे लागते त्यांना हा अनुभव नवा नाही. शासन निर्णयाच्या आरंभी ‘वाचा’ म्हणून पूर्वीच्या निर्णयांची यादी असते, आणि दुरुस्तीच्या आदेशात ‘या शब्दांऐवजी पुढील शब्द वाचावेत’ एवढेच असते. चार कागद समोर मांडल्याशिवाय एकाचाही अर्थ लागत नाही. कार्यालयात ते चार कागद निदान नस्तीत असतात. शेतावर वा कारखान्यात ते असतीलच असे नाही.

शास्त्रपरंपरेतील उत्तर

हा प्रश्न आधुनिक यंत्रयुगाचा आहे असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु भारतीय शास्त्रपरंपरेने त्याचा जितका कसोशीने विचार केला आहे तितका क्वचितच अन्यत्र झाला असेल. श्रौतसूत्रे ही एका अर्थाने यज्ञकर्माच्या तांत्रिक पुस्तिकाच होत. कोणती कृती केव्हा, कोणी, कोणत्या साधनाने करावी एवढेच ती सांगतात. इष्टींचे अनेक प्रकार आहेत, पण सूत्रकार प्रत्येक इष्टी पहिल्यापासून सांगत बसत नाहीत. दर्शपूर्णमास ही इष्टींची प्रकृती. ती सर्वांगांनी सांगितली जाते. इतर इष्टी या तिच्या विकृती. त्यांच्या बाबतीत केवळ वेगळेपण तेवढे सांगितले जाते, बाकीचे प्रकृतीप्रमाणे समजावयाचे. या स्थानांतराला मीमांसकांनी ‘अतिदेश’ असे नाव दिले.

अतिदेश केला की प्रश्न संपत नाही, येथूनच तो सुरू होतो, हे मीमांसकांनी ओळखले होते. जैमिनीच्या बारा अध्यायांपैकी शेवटचे सहा याच प्रश्नाच्या पोटात शिरतात. सातव्या व आठव्या अध्यायांत सामान्य व विशेष अतिदेश, नवव्यात ऊह, दहाव्यात बाध, अकराव्यात तंत्र आणि बाराव्यात प्रसंग. सामाईक मजकूर नव्या ठिकाणी नेल्यावर त्यात जो बदल करावा लागतो तो ऊह. प्रकृतीतील मंत्रात अग्नीचे नाव चतुर्थी विभक्तीत असेल आणि विकृतीची देवता सूर्य असेल, तर सूर्याचे नावही चतुर्थीतच घालावयाचे. नेलेल्या मजकुरातील जो भाग नव्या ठिकाणी निरर्थक ठरतो तो गाळणे म्हणजे बाध. भाताऐवजी सोन्याचे कण शिजवावयाचे असतील तर कांडण्याची क्रिया गळते. कारण सोन्याला कोंडा नसतो. अनेकांसाठी एकदाच केलेली कृती पुरेशी होणे ते तंत्र, आणि एकासाठी केलेली कृती दुसऱ्यालाही आपोआप उपयोगी पडणे तो प्रसंग.

आजच्या पुस्तिकांतील किती चुका या चौकटीत नेमक्या बसतात हे पाहण्यासारखे आहे. इंधनावर चालणाऱ्या पंपाचा मजकूर विजेवर चालणाऱ्या पंपाच्या पुस्तिकेत जसाच्या तसा उतरला आणि ‘तेलाची टाकी रिकामी करावी’ ही सूचना तेथेही राहून गेली, तर तेथे बाध करावयाचे राहिले आहे. सोन्याचे कण कांडण्यास सांगण्यासारखेच ते होय. आणखी एक सूक्ष्म विचार मीमांसकांनी केला आहे. ऊहाने बदललेल्या भागाला मंत्रत्व नाही, असे ते मानतात. मूळ पाठाला जे प्रामाण्य आहे ते स्थानिक बदलाला आपोआप मिळत नाही, हा त्यातील आशय आजच्या संपादकानेही ध्यानात ठेवण्याजोगा आहे. तपासून मंजूर केलेला सुरक्षेचा परिच्छेद कोणी आपल्या सोयीने दोन शब्द बदलून वापरला, तर मूळ परिच्छेदाला मिळालेली मंजुरी त्या बदललेल्या परिच्छेदाला लागू होत नाही.

व्याकरणशास्त्राने दुसरे तंत्र वापरले. पाणिनीच्या सुमारे ४००० सूत्रांत एका सूत्रातील पद पुढील सूत्रांत अनुवृत्तीने चालू राहते. अधिकारसूत्रे तर पुढील मोठ्या प्रदेशावर सत्ता चालवतात. त्यामुळे साधलेले लाघव थक्क करणारे आहे. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, ही उक्ती प्रसिद्धच आहे. परंतु या लाघवाची किंमतही द्यावी लागली. कोणते पद अधिकार म्हणून पुढे चालावयाचे ते स्वरित स्वराने कळावे अशी पाणिनीची योजना होती. पाठाच्या परंपरेत ते स्वर लुप्त झाले आणि अनुवृत्ती कोठे थांबते हे सांगण्याचे काम टीकाकारांवर येऊन पडले. ज्याला संपूर्ण अष्टाध्यायी मुखोद्गत आहे त्यालाच तिचा कोणताही एक भाग कळतो. सूत्रकाराच्या दृष्टीने हा दोष नव्हे, कारण तसाच वाचक त्याला अभिप्रेत होता. पंपाच्या पुस्तिकेला असा वाचक लाभणे शक्य नाही, आणि तशी अपेक्षा करणेही योग्य नाही.

पतंजलीने व्याकरणाध्ययनाची जी पाच प्रयोजने सांगितली त्यांत ऊह, लघु आणि असंदेह ही तिन्ही आहेत, ही गोष्ट या संदर्भात फार बोलकी आहे. लाघव हवे, पण संदेह नको. आणि सामाईक मजकूर नव्या ठिकाणी न्यावयाचा तर विभक्ती-लिंग-वचनांचे ज्ञान हवे. मंत्र सर्व लिंगांत व सर्व विभक्तींत सांगितलेले नाहीत, ते यथायोग्य बदलून घ्यावे लागतात, आणि व्याकरण न जाणणाऱ्याला ते जमणार नाही, असे त्याचे म्हणणे. या विधानाचा मराठी पुस्तिकांशी असलेला संबंध पुढे स्पष्ट होईल.

मराठी परंपरेतील दोन उदाहरणे

मराठीच्या आरंभकाळातच या प्रश्नाचे एक ठळक उदाहरण सापडते. म्हाइंभटांनी लीळाचरित्रात चक्रधरांची वचने त्या त्या प्रसंगाच्या चौकटीत संकलित केली. केसोबासांनी पुढे त्यांतील वचने वेगळी काढून सूत्रपाठ सिद्ध केला. विखुरलेला तत्त्वविचार एका ठिकाणी आला, पाठांतराला सोयीचा झाला. पण वचन प्रसंगापासून तुटले. कोणाला उद्देशून, कोणत्या निमित्ताने ते उच्चारले गेले हे सूत्र सांगत नाही. म्हणून महानुभाव परंपरेला ‘प्रकरणवश’ या नावाने सूत्रांचे प्रसंग पुन्हा सांगणारे लेखन करावे लागले. मजकूर संदर्भापासून मुक्त केल्याशिवाय तो अन्यत्र वापरता येत नाही, आणि मुक्त केला की संदर्भ पुन्हा जोडून द्यावा लागतो, हा सामाईक मजकुराचा मूलभूत पेच तेथे स्पष्टपणे दिसतो. दृष्टान्तपाठात केसोबासांनी सूत्र, दृष्टान्त आणि दार्ष्टान्तिक ही तिन्ही अंगे एकत्र ठेवली. वाचकाला तीन ठिकाणी धावावे लागू नये, या दृष्टीने ती रचना आजही अनुकरणीय वाटते.

दुसरे उदाहरण कोशवाङ्मयाचे. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये आणि विसावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्णानुक्रमाने निघणाऱ्या कोशात आरंभीच्या खंडातील नोंद जेव्हा वर्णमालेच्या अखेरीकडील नोंदीकडे बोट दाखवते, तेव्हा तो निर्देश नसून वचन असते. ते पाळले जाण्यास काही दशके लागू शकतात. नोंदींची यादी आधीच निश्चित असल्यावाचून असे वचन देता येत नाही. या कोशाचे कार्यालय ज्या वाईत होते त्याच वाईत केवलानंद सरस्वतींनी मीमांसाकोश रचला, आणि विश्वकोशाचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्यांचेच विद्यार्थी. अतिदेशाचा शास्त्रार्थ आणि ‘पहा’ची व्यवस्था एकाच गावात नांदल्या, हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे.

कोशातील ‘पहा’ या शब्दाचे एक व्याकरणिक वैशिष्ट्य सहसा ध्यानात येत नाही. मराठीत निर्जीव कर्माला प्रत्यय लागत नाही : ‘आकृती ७ पहा’, ‘तक्ता ३ पहा’. त्यामुळे ‘पहा’च्या आधी कोणतेही नाम मूळ रूपात ठेवता येते. ‘तक्ता ३ मध्ये’ असे म्हणावयाचे झाले तर मात्र ‘तक्ता’चे ‘तक्त्या’ झाले पाहिजे की नाही, असा प्रश्न लगेच उभा राहतो. कोशकारांनी ‘पहा’ स्वीकारला तो संक्षेपासाठी. पण त्यात मराठीच्या सामान्यरूपाला दिलेली मोठी बगलही आहे.

यंत्राची तिसरी वाट

उतरवणे आणि निर्देशणे या दोन वाटांखेरीज तिसरी वाट गेल्या अर्धशतकात तयार झाली. तिची पूर्वतयारी त्याआधीच झाली होती. १९५६ मध्ये अमेरिकेतील विमानवाहतूक संस्थांच्या संघटनेने विमानांच्या देखभाल-पुस्तिकांसाठी एकच प्रकरण-क्रमांक ठरवून दिले. विमान कोणत्याही कारखान्याचे असो, त्याची चाके व उतरणीची यंत्रणा प्रकरण ३२ मध्येच असणार. वाचकाने एकदा नकाशा पाठ केला की तो सर्वत्र उपयोगी. त्यानंतर मजकुराला खुणा करण्याची १९८६ ची आंतरराष्ट्रीय मानक भाषा एसजीएमएल, १९९८ ची एक्सएमएल आणि २००५ मध्ये मानक म्हणून मान्य झालेली, आयबीएमने विकसित केलेली डिटा ही पद्धती अशी ही वाटचाल आहे. डिटामध्ये मजकुराचे लहान लहान स्वतंत्र विषय केले जातात. सामाईक परिच्छेद एकाच ठिकाणी साठवला जातो आणि पाच पुस्तिकांत त्याचा केवळ पत्ता असतो. छपाईच्या वेळी यंत्र त्या पत्त्यावरून परिच्छेद आणून पाचही ठिकाणी पूर्ण स्वरूपात मांडते.

या पद्धतीचे मर्म असे की साठवण एक, पण दर्शन अनेक. लेखकाला लाघव मिळते आणि वाचकाला पुनरुक्ती. दुरुस्ती एका ठिकाणी केली की सर्वत्र होते, म्हणून पाठभेदाचे भय नाही. मजकूर प्रत्येक पुस्तिकेत पूर्ण असतो, म्हणून वाचकाची धावाधाव नाही. निर्देशांच्या बाबतीतही यंत्र प्रामाणिक राहू शकते. लेझ्ली लॅम्पोर्ट यांच्या लाटेक या जुळणी-प्रणालीत निर्देशाचे स्थळ सापडले नाही तर त्या जागी दोन प्रश्नचिन्हे छापली जातात. ‘पृष्ठ ०० पहा’ असे शून्य भरावयाचे राहून गेलेले निर्देश ज्यांनी मराठी पुस्तकांच्या मुद्रितांत पाहिले असतील त्यांना या प्रश्नचिन्हांचे मोल कळेल.

मग प्रश्न उरला कोठे? तो उरला आहे मराठीच्या व्याकरणात.

सामान्यरूपाचा अडसर

या सर्व प्रणालींची जडणघडण प्रामुख्याने इंग्रजीच्या आधाराने झाली. इंग्रजीत नामाचे रूप वाक्यातील स्थानानुसार फारसे बदलत नाही. निर्जीव नामांना लिंगभेदही नाही. त्यामुळे वाक्यात रिकामी जागा ठेवून तेथे कोणत्याही भागाचे नाव घालता येते. मराठीत ‘अमुकची तपासणी करावी’ असा साचा करून त्यात नावे घातली तर काय होते? पंपाची, झडपेची, पात्याची, पट्ट्याची, नळीची अशी रूपे व्हावयास हवीत. यंत्र मात्र ‘झडपची’, ‘पातेची’, ‘पट्टाची’ असे छापून मोकळे होते. क्रियापदाचीही तीच गत. पंप बंद करावा, मोटर बंद करावी, यंत्र बंद करावे. एकाच साच्यातून ही तीन वाक्ये निघत नाहीत.

अनुवादाच्या साठ्यावर चालणाऱ्या आजच्या कामात हा दोष आणखी खोल जातो. एकदा अनुवादित झालेले वाक्य साठ्यात राहते आणि तेच इंग्रजी वाक्य पुन्हा आले की जुना अनुवाद पुढे येतो. ‘ती रोज स्वच्छ करावी’ हे वाक्य गाळणीच्या संदर्भात निर्दोष. तेच वाक्य पात्याच्या परिच्छेदात आले की वाचक ‘ती’ म्हणजे कोण ते शोधू लागतो, आणि मागे कोठेतरी गाळणी सापडली तर तीच स्वच्छ करतो. येथे व्याकरणाची चूक ही कृतीची चूक होते. एकट्या शब्दाची गोष्ट तर त्याहून बिकट. ‘उघडा’ हे आज्ञार्थी क्रियापदही आहे आणि पुल्लिंगी विशेषणही. झडपेच्या शेजारी नुसते ‘उघडा’ असे छापले असेल तर झडप उघडावयाची आहे हे लिंगावरून कळते. पण नळापाशी, दरवाजापाशी वा पंपाच्या कप्प्यापाशी तो उघडा आहे की उघडावयाचा आहे याचा निर्णय कसा करावा?

यावर उपाय नाहीत असे नाही. मात्र ते मराठीतूनच शोधले पाहिजेत. पहिला उपाय एककाचा. सामाईक मजकुराचे लहानात लहान एकक शब्द वा पदबंध नसून पूर्ण वाक्य, आणि शक्यतो पूर्ण कृती, असावे. एका नामाच्या जागी दुसरे नाम बसवून नवे वाक्य तयार करण्याचा मोह टाळावा. दुसरा उपाय अर्थाचा. विध्यर्थाऐवजी आज्ञार्थ वापरला तर कर्माच्या लिंगाचा अडसर दूर होतो : पंप बंद करा, मोटर बंद करा, यंत्र बंद करा. औपचारिक मराठीला ‘करावे’ची सवय आहे आणि ‘करा’ तिला काहीसे रोखठोक वाटते हे खरे. परंतु धोक्याच्या ठिकाणी रोखठोक बोलणे हीच सभ्यता होय. तिसरा उपाय वर्गवाचक नामाचा. ‘झडप या भागाची तपासणी करा’ अशा रचनेत विकार ‘भाग’ हे नाम सोसते आणि विशेष नाम मूळ रूपात राहते. ही रचना कानाला बोजड लागते, म्हणून ती अगदी निरुपायाने वापरावी. चौथा उपाय सर्वनामांचा व दिशावाचक शब्दांचा. स्थान बदलू शकणाऱ्या परिच्छेदाचा आरंभ ‘हा’, ‘ती’, ‘त्याचे’ यांनी होऊ नये. आणि त्यात ‘वर’, ‘खाली’, ‘मागील पानावर’, ‘उपरोक्त’ हे शब्द असू नयेत. जो परिच्छेद स्वतः फिरता आहे त्याला ‘वर’ आणि ‘खाली’ काय असणार?

हे चारही उपाय म्हणजे पतंजलीने सांगितलेल्या ऊहाचा मराठी अवतारच म्हणावयाचे. ऊह जाणणारा माणूस जवळ नसेल तर सामाईक मजकुराची सर्वोत्तम यंत्रणाही अशुद्ध मराठी अधिक वेगाने छापण्याचे साधन ठरते.

कोठे पुनरुक्ती, कोठे निर्देश

तंत्र कितीही सुधारले तरी एक निवड लेखकालाच करावी लागते : कोणता मजकूर प्रत्येक ठिकाणी पूर्ण द्यावयाचा आणि कोणत्या मजकुराकडे केवळ बोट दाखवावयाचे. मीमांसकांनी अकराव्या अध्यायात तंत्र आणि आवाप यांचा, म्हणजे एकदा करणे आणि प्रत्येकासाठी पुन्हा करणे यांचा जो विवेक केला आहे, तोच येथे हवा. आणि हा विवेक लेखकाच्या सोयीवरून न करता वाचकाच्या हानीवरून केला पाहिजे.

२०१७ च्या खरीप हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयात न्यावे लागले. त्या मृत्यूंची कारणे अनेक होती. माहितीपत्रकांच्या रचनेवर त्यांचे खापर फोडणे योग्य होणार नाही. परंतु त्या घटनेने अशा पत्रकाचा वाचक कोण आहे हे स्पष्ट केले. १९६८ चा कीटकनाशक अधिनियम आणि १९७१ चे नियम यांनुसार डब्याबरोबर माहितीपत्रक देणे आणि ते प्रादेशिक भाषेतही असणे आवश्यक आहे. डबा विकत घेतो शेतकरी. पाठीवर पंप घेऊन तासामागून तास फवारतो तो पुष्कळदा मजूर. डब्यावरील चिठ्ठी त्याच्या नजरेस पडते. घडीपत्रक डब्यापासून कधीच दूर गेलेले असते. अशा वेळी चिठ्ठीने घडीपत्रकाकडे केलेला निर्देश हा अस्तित्वात नसलेल्या ग्रंथाकडे केलेला निर्देश ठरतो. शिवाय ज्याला पत्रक ‘कीटकनाशक’ म्हणते त्याला शेतात ‘औषध’ म्हणतात. विष आणि उतारा या दोहोंना एकच शब्द चालणाऱ्या ठिकाणी असंदेहाची जबाबदारी दुपटीने वाढते. चिठ्ठीवरील लाल, पिवळा, निळा व हिरवा हे विषारीपणाचे चार रंग मात्र सर्व डब्यांवर सारखे, कोणत्याही निर्देशावाचून आणि अक्षरज्ञानावाचून काम करणारे. सामाईक आशयाचा इतका निर्दोष नमुना शब्दांत क्वचितच सापडेल. अर्थात रंगांचा तो संकेत आधी कोणीतरी समजावून दिलेला असला पाहिजे.

यावरून एक सूत्र मांडता येईल. ज्या सूचनेच्या अभावी इजा होऊ शकते ती सूचना, जेथे हात पोचतो तेथे, प्रत्येक वेळी, पूर्ण लिहिली पाहिजे. तिच्याबाबत ‘पहा’ला जागा नाही. जी माहिती सवडीने शोधता येते, म्हणजे व्याख्या, सुट्या भागांची यादी, मापांचे तक्ते, ती एकदाच द्यावी आणि तिच्याकडे निर्देश करावा. आणि निर्देश करताना केवळ क्रमांक देऊ नये. तेथे काय मिळेल हेही सांगावे. ‘विभाग ४ पहा’ यापेक्षा ‘गाळणी स्वच्छ करण्याची रीत : पृष्ठ १२’ हे वाचकाला अधिक आदराने वागवणे होय. तेथे जावयाचे की नाही हे त्याला जाण्यापूर्वीच ठरवता येते.

पुनरुक्तीने पाने वाढतात, कागद व छपाई महाग आहे, आणि जाड पुस्तिका कोणी उघडत नाही, हे आक्षेप खोटे नाहीत. तिसऱ्या आक्षेपात तर बरेच तथ्य आहे. प्रत्येक पानावर तीच धोक्याची सूचना आली की डोळा ती ओलांडून जाऊ लागतो. पण याचे उत्तर सूचना काढून टाकणे हे नसून, खरोखर धोक्याच्या सूचना कोणत्या हे निश्चित करणे हे आहे. सर्वच वाक्ये ठळक अक्षरांत छापणारा संपादक वस्तुतः एकही वाक्य ठळक करीत नसतो.

मराठी विभागांचे काम

१९६० मध्ये भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यापासून परिभाषानिर्मितीचे मोठे काम मराठीत झाले. परिभाषाकोश हासुद्धा सामाईक आशयाचाच एक प्रकार. एक संज्ञा एकदा ठरवावी आणि सर्वांनी वापरावी, हा त्याचा हेतू. परंतु संज्ञा ठरल्या म्हणजे तांत्रिक मराठी सिद्ध झाली, असा एक समज त्यातून दृढ झाला. झडपेला काय म्हणावे याची चर्चा झाली. झडपेविषयीचे वाक्य पाच ठिकाणी कसे चालवावे याची झाली नाही. व्यावहारिक मराठीच्या अभ्यासपत्रिकांतही पत्रलेखन, वृत्तलेखन, जाहिरात व अनुवाद यांनाच प्रामुख्याने स्थान मिळत आले. माहितीपुस्तिका ही एक वाङ्मयरचना आहे, तिला स्वतःचे रचनातत्त्व आहे, ही दृष्टी तेथे अभावानेच आढळते.

हे काम अभियंत्यांचे आहे असे म्हणून ते टाळता येणार नाही. सामान्यरूप कोठे होते, कर्तरी व कर्मणि प्रयोगांत क्रियापद कोणामागे जाते, सर्वनामाचा संबंध कोठवर पोचतो, पाठभेद कसे उद्भवतात आणि शुद्ध प्रत कशी सिद्ध करावी, हे ज्ञान अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवले जात नाही. ते मराठी विभागात शिकवले जाते. फक्त त्याचा विनियोग जुन्या पोथ्यांपुरता आणि परीक्षेच्या उत्तरपत्रिकेपुरता राहिला आहे. पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्याला एका पंपाच्या पाच पुस्तिका देऊन त्यांतील सामाईक मजकूर निश्चित करावयास सांगणे, त्यातील ऊह व बाध कोठे चुकले ते दाखवावयास लावणे आणि शेवटी ती पुस्तिका यंत्रासमोर उभ्या असलेल्या माणसाकडून वाचवून घेणे, हा अभ्यास पाठचिकित्सेच्या कोणत्याही प्रात्यक्षिकाइतकाच कसोटीचा ठरेल. या विद्यार्थ्यांना त्यातून काम मिळेल की नाही हा वेगळा प्रश्न. पण आपल्या भाषेचे व्याकरण कोणाच्या तरी हाताबोटांचे रक्षण करू शकते, ही जाणीव त्यांना निश्चित मिळेल.

पतंजलीच्या यादीत रक्षा हे प्रयोजन सर्वांत आधी येते. तेथे ती वेदांची रक्षा आहे. पुस्तिकेच्या बाबतीत ती वाचकाची समजावी, आणि लाघव व असंदेह यांत विरोध उत्पन्न होईल तेथे लाघवाने मागे सरावे, एवढे मान्य झाले तरी मराठी तांत्रिक लेखनाची पुढील वाट पुष्कळशी सरळ होईल.